फळ्यावरचं नाव

"त्याची बाटलीच फोडते मी!" नेत्रावती दातओठ खात म्हणाली.

"मग काय, दुसरी आणंल की तो!" उदगीरहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ हरिओम हसला. "डोकं चालव जरा!"

डोकं कसलं चालतंय! दुबलगुंडीच्या दूध डेअरीच्या फळ्यावर आठ दिवस तिच्या आईचं नाव होतं: 'चन्नव्वा. दुधात औषध. दूध बंद.' लिहिणारा कोण, तर डेअरीचा सेक्रेटरी सिद्धराम! आईच्या म्हशीला वर्षभरात सुई टोचली नव्हती. सुया चालू होत्या त्याच्याच म्हशींना. पण आता आईकडून विरजणसुद्धा कोणी नेईना.

"आमच्याकडं त्याचंच दूध येतंय," शेजारची विजयश्री म्हणाली. "चार दिवस दही लागंना! औषधानं विरजण मरायलंय. मग डेअरीच्या औषध तपासायच्या पट्टीत त्याचं दूध पास कसं व्हायलंय?"

ते तिघांनी सकाळीच खिडकीतून पाहिलं होतं. सिद्धरामने निळ्या बाटलीतलं काहीतरी आपल्या कॅनमध्ये ओतलं, तासभर थांबला आणि मगच पट्टी बुडवली.

नेत्रा एकदम उठली. "फोडायची न्हाई. रिकामी करायची! उद्या तपासणी हाय!"

दुपारी सिद्धराम जेवायला गेला, तेव्हा हरिओमने खिडकीतून आत उडी मारली. बाटलीतलं सगळं बरणीत आलं आणि बाटलीत गेलं नळाचं पाणी!

सकाळी तपासणीच्या रत्नम्मा मॅडम आल्या.

"आधी माझं बघा, मॅडम!" सिद्धराम ऐटीत म्हणाला.

दूध चांगलं असेल तर पट्टीवर दोन रेघा हव्या होत्या. उमटली एकच!

"पट्टीच खराब हाय!"

"व्हय का? मग ह्यातलं घालून बघा!" नेत्राने बरणी पुढे केली.

मॅडमनी त्याच दुधात चमचाभर घातलं. तासाभराने नवी पट्टी बुडवली. दोन रेघा!

"हे विकर आहे, म्हणजे एन्झाइम. बीटा-लॅक्टामेज," मॅडम कडाडल्या. "म्हशीला टोचलेल्या पेनिसिलिनच्या रेणूतलं कडं हे तोडतं. मग पट्टीला औषध सापडत नाही. बोला, सिद्धराम!"

"आठ दिवसांमागं बाटली संपली होती," तो पुटपुटला. "गावाचं सगळं दूध वरच्या डेअरीतून परत आलं. कुणाचं तरी नाव घ्यावं लागलं..."

"शाबास, पोरांनो!" मॅडम म्हणाल्या. " मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. काय बक्षीस देऊ?"

"खडू!" नेत्रा म्हणाली.

तिने आईचं नाव खसाखसा पुसलं आणि 'सि' काढला.

"राहू दे की गं," सिद्धराम गयावया करू लागला. "लोक बघायलेत."

"बघू द्या! माझ्या आईकडं आठ दिवस बघायलेत!"

तेवढ्यात गर्दीतून चन्नव्वा पुढे आली. आता आई अडवणार, म्हणून नेत्राचा हात थांबला.

"कामून एवढं बारीक लिहायलीस?" आई म्हणाली. "मोठ्ठं लिही!"