बंद जिनिंगमधली घागर

"इंजिन तापलंय. जरा सावलीत बसा," असं म्हणून ड्रायव्हरनं जीप कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या आवारात घातली, तेव्हा शरदचंद्रांना बरंच वाटलं. निलंग्याहून लातूरला जाणारी एसटी आलीच नव्हती, म्हणून ही खेपेची जीप धरली होती. जीपमध्ये भट्टीसारखं तापलं होतं.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या नव्या जिल्ह्याच्या कोर्टात उद्या एका खुनाची साक्ष होती. दुष्काळात गावाचं पाणी परस्पर विकणारा टँकरचा ठेकेदार शेषेराव आरोपी होता. त्याचं बिंग फोडायला निघालेला लिंबाजी एका विहिरीच्या काठावर मारला गेला होता. साक्षीदार एकच बाई होती आणि तिचं नाव सरकारी वकिलानं अजून उघड केलं नव्हतं.

तिला सुखरूप पोचवायचं काम नांदेडच्या मार्तंड या खाजगी गुप्तहेरानं घेतलं होतं. जीपमध्ये दोन बायका होत्या. त्यांतली साक्षीदार कोण, हे त्यानं आपल्या मित्राला, निवृत्त मास्तर शरदचंद्रांना, सांगितलं नव्हतं. "तुमच्या पोटात राहील हो, पण चेहऱ्यावर लपायचं नाही," असं तो म्हणाला होता. मास्तरांना ते अजून लागून राहिलं होतं.

उतरताना पुढच्या सीटवरच्या व्यंकटराव नावाच्या प्रवाशाच्या बुटांच्या नाड्या लोंबत होत्या.

"बांधा हो, तोंडावर आपटाल," शरदचंद्र म्हणाले.

"राहू द्या गुरुजी. पाय उकडून राहिलेत."

सगळे जिनिंगच्या गोदामात गेले आणि मागं लोखंडी दार धाडकन लागलं. दाराशी ड्रायव्हर उभा होता आणि त्याच्या हातात कोयता होता. कापसाच्या धुळीतून एक दाढीवाला पुढं आला. त्याच्याकडं गावठी कट्टा होता.

"पायातलं काढा समद्यांनी! बाहेर मुरूम तापलाय. बघू कोन अनवाणी पळतंय."

भीतीनं शरदचंद्रांच्या बुटाच्या नाडीची गाठ सुटेना. कोयत्याचं पातं मानेला टेकलं तशी त्यांनी नाडी ओढून तोडली. व्यंकटरावांचे बूट तर केव्हाच दाढीवाल्याच्या पोत्यात गेले होते.

"तुमच्यात कोर्टात चाललेली बाई हाय," दाढीवाला म्हणाला. "सांजपस्तोर नाव सांगा. न्हाईतर दोघींचा बी मुडदा पडंल. अन् ती घागर हाय तेवढंच पानी. रडलात तरी पुन्हा मिळायचं न्हाई."

दोघं बाहेर गेले. दाराला कडी लागली.

कोणी कोणाकडं बघेना. मार्तंडनं हळू आवाजात एकेकाची चौकशी सुरू केली.

"मी नर्स आहे," तरुण विमल म्हणाली. "लातूरला बदली झालीय. मला काही माहीत नाही हो."

"लेकीकडं चाललेय," म्हातारी सरजाबाई एवढंच बोलली.

निलंग्याचे आडते चन्नबसप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा एक हात शर्टाच्या आत होता. "अय्यो, मला कशाला विचारताय? व्यापारी माणूस मी!" पण हात काही बाहेर येईना.

शरदचंद्रांनी मित्राला कोपर मारलं. मार्तंडनं तिकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"मी रेणापूरकडला," व्यंकटराव आपणहून म्हणाले. "आमच्याकडं तर लई हाल. खाटंवर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं ठिवायचं, अन् ते पानी बैलाला. चला, घोट घोट घ्या समदे."

त्यांनी घागरीतून तांब्या भरला आणि सगळ्यांना पाणी वाढलं. खाली बसलेल्या सरजाबाईच्या ओंजळीत ओतायला ते वाकले, तशी म्हातारी पाण्याकडं न बघता वर बघत राहिली. तिची ओंजळ थरथरली आणि सगळं पाणी सांडलं. बिचारी भ्याली, असं शरदचंद्रांना वाटलं.

व्यंकटरावांनी शेवटी स्वतःसाठी तांब्या भरला. चूळ भरून खिडकीच्या गजांबाहेर टाकली, चार घोट प्याले, उरलेलं पायांवर ओतलं. मग बायकांजवळ उकिडवे बसले.

"बाई, जी कोन असाल तिनं माझ्या कानात सांगा. मागल्या खिडकीचे गज ढिले हायत. तिला तेवढी काढून देतो."

विमल हुंदके देऊ लागली. सरजाबाईचे ओठ हलले.

"कोणी बोलू नका!" मार्तंड म्हणाला आणि त्याच क्षणी त्यानं खांद्यावरचं उपरणं व्यंकटरावांच्या गळ्यात टाकून पीळ दिला. "चन्नबसप्पा, याचे हात धरा."

"अहो, भलत्याला काय धरता!" शरदचंद्र पुटपुटले. "शर्टात तर चन्नबसप्पांनी काहीतरी लपवलंय."

चन्नबसप्पांनी एका हातानं व्यंकटरावांचं मनगट आवळलं आणि दुसऱ्यानं गळ्यातली चांदीची डबी दाखवली. "देव आहे हो माझा. लिंग. मरायची वेळ आली तर दुसरं काय धरू?"

"मास्तर, घाबरलेली माणसं आपसात बोलतात," मार्तंड म्हणाला. "म्हणून आपल्याला एकत्र कोंडलं आणि ऐकायला एक माणूस आत ठेवला. आपण उतरलो तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की इंजिन तापलंय. यानं मात्र नाड्या आधीच सोडल्या होत्या. बूट काढावे लागणार, हे त्याला कसं कळलं?"

"पाय उकडत होते म्हणाला की."

"तेवढ्यावर मीही गप्प बसलो. मग पाणी आलं. ज्याच्या गावात आंघोळीचं पाणी बैलाला जातं, तो माणूस मोजक्या पाण्याची चूळ बाहेर टाकेल? पायावर ओतेल? हात धजायचाच नाही त्याचा. यानं ओतलं, कारण याच्यासाठी बाहेर पाणी होतं. आणि खिडकीचे गज ढिले आहेत, हे हात न लावता याला कोणी सांगितलं?"

उपरण्याचा पीळ वाढला. व्यंकटरावांचे डोळे पांढरे झाले.

"मारू नगा... ते माझ्या हुकमातले हायत."

"मग सांग त्यांना. आधी कट्टा आत टाकू दे."

व्यंकटरावांनी हाक मारली, तसं दार उघडलं. मालकाची ती दशा बघून दाढीवाल्यानं कट्टा खाली टाकला, आणि पाठोपाठ कोयताही पडला. घागर बाहेर घेतली, दोघांना आत कोंडलं आणि व्यंकटरावांना बांधून जीपमध्ये घातलं. जीप चालवायला चन्नबसप्पा पुढं झाले.

तेव्हा सरजाबाई बोलली.

"इहीर आटली हुती. मी तळाला उतरून वाटीनं घागर भरून राहिले हुते. वर लिंबाजी वरडला. शेषेरावाचा आवाज वळखीचा हुता. त्येच्यासंगं आनखी एक हुता, त्यानं वाकून आत बघितलं. वर उजेड अन् खाली अंधार, त्याला मी दिसले न्हाई. मला त्याचं तोंड दिसलं. जीपमदी वळखला न्हाई. पन आज पानी वततानी तसाच वरून वाकला." तिनं व्यंकटरावांकडं बोट केलं. "ह्योच."

मार्तंडही चकित झाला. दुसऱ्या माणसाचं नाव खटल्यात कुठंच नव्हतं.

"कोर्टात सांगाल, आजी?"

"सांगते की. आदी पानी द्या."

शरदचंद्रांनी तांब्या भरला. ओतायला वाकले आणि थबकले. मग आवारातल्या त्या तापलेल्या मुरमावर तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तांब्या तिच्या हातात दिला.