गाईशी बोलायची भाषा

गाय चरात रुतली होती, आणि अझेनोर तिला ब्रेतॉनमध्ये, गावच्या जुन्या बोलीत, शिव्याही देत होती, चुचकारतही होती.

"मी हात लावू का?" मागून कुणीतरी त्याच भाषेत विचारलं.

भुरभुर पावसात एक तरुण उभा होता. तांगी, रेन शहरातून आलेला गुरांचा नवा डॉक्टर. भाषा बिनचूक, पण शाळेत शिकलेली... इस्त्री केल्यासारखी ताठ. गावची माणसं शब्दांचे शेंडे खाऊन बोलतात. हा एकही शेंडा खात नव्हता.

"लावा," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. परक्याशी फ्रेंचच बोलायचं, ही गावची रीत. ब्रेतॉन घरच्यांसाठी आणि गुरांसाठी.

पुढे तो या ना त्या निमित्ताने गोठ्यात येऊ लागला. तो ब्रेतॉनमध्ये विचारी, ती फ्रेंचमध्ये उत्तर देई.

"गाईशी बोलतेस, माझ्याशी नाही. तिच्याहून मी परका?"

"ती इथं जन्मलीय."

"मग मी पुन्हा जन्म घेऊ?"

"घ्या. पण दूध द्यावं लागेल."

धार काढणारे तिचे वडील, जोब, खोकले. हसू आलं की ते असेच खोकत.

शरद सरता सरता तांगी दारात आला. आज त्याची नजर ठरत नव्हती.

"रेनहून बोलावणं आलंय. उद्या कळवायचंय. राहिलो असतो... पण कुणासाठी? तू तर मला अजून उंबऱ्याबाहेरच ठेवतेस."

अझेनोरने ओठ उघडले. फ्रेंचमध्ये सांगावं, तर ते बाजारात बोलल्यासारखं वाटेल. आणि ब्रेतॉनमध्ये... आईवडिलांखेरीज कुणाला ती मनातलं कधी बोललीच नव्हती.

तो मान हलवून पावसात निघाला. अंगणाच्या फाटकाशी पोचला, आणि तिच्या तोंडून गेलंच —

"अरे येड्या, भिजत कुठं चाललास? ये आत! सूप निवतंय!"

ब्रेतॉनमध्ये. शेंडे खाऊन, घरच्या माणसावर ओरडावं तसं.

ती लाल झाली. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि घुटमळला. आपण बोललो तर हे मोडेल, अशी भीती त्याला वाटत असावी.

आतून जोबांचा आवाज आला. त्याला आजवर फ्रेंचमध्ये 'डॉक्टरसाहेब' म्हणणारे जोब ब्रेतॉनमध्ये खेकसले, "दार लाव रे पोरा, वारा येतोय!"

तांगीने दार लावलं — आतून.