फोकस शेजारी जातो

बसा. मी तुम्हाला 'या' म्हटलं नाही, त्याचा राग मानू नका. गिऱ्हाईक आलं की मी मान हलवतो, हात करतो, पण तो शब्द तोंडातून काढत नाही. खुर्चीवर बसा. स्टुलावर नको, तिथं टोपी आहे. असू द्या ती तशीच. सावेडीतली लाईट गेली की लवकर येत नाही, पण हा चार्जिंगचा दिवा आहे, तेवढा पुरेल.

घरातले व्हिडिओ काढायला स्वस्तातला कॅमकॉर्डर हवा, असं तुम्ही म्हणालात. पोराचं जावळ आहे, बरोबर. आणि कपाटात खालच्या खणात तो काळा दिसतोय, तो दाखवा म्हणालात. तो विकायचा नाही. का नाही ते सांगतो. अंधारात दुसरं काम तरी काय आहे?

माझी पद्धत अशी, की कुठलाही नवा कॅमेरा आधी स्वतः वापरून बघायचा. डब्यावर छापलेलं वाचून मी माल विकत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, तसा वॉरंटी कार्डावरही ठेवत नाही. हा काळा कॅमेरा आला तेव्हा मला बरा वाटला होता. हलका, एका हातात बसणारा. पडदा उघडला की चालू, लाल बटण दाबलं की शूटिंग. दिवसा चित्र स्वच्छ, संध्याकाळी जरा दाणेदार. झूम नावालाच. माईक मात्र पैशाच्या मानानं फारच चांगला. म्हटलं, खऱ्या घरात नेऊन बघू.

खरं घर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, रुपालीचं. तिला शिंगणापूरला दिली आहे. तिचा नवरा अमृत फौजेत, सीमेवर. मुक्ता जन्मली तेव्हाही त्याला रजा मिळाली नव्हती. त्याचं म्हणणं होतं, की लेक मोठी होताना मला पहिल्यापासून बघायची आहे. मोबाईलवर शूटिंग घेतलं की मध्येच कुणाचा तरी फोन येतो, रुपाली बोलत सुटते आणि व्हिडिओ राहतो बाजूला. शिवाय तिच्या सासूबाईंना, दगडाबाईंना, मोबाईल जमत नाही. एक लाल बटण दाबणं जमण्यासारखं होतं.

तिकडच्या घरांना दारं नसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. आता काहींनी काहीबाही बसवून घेतलंय, पण दगडाबाई जुन्या वळणाच्या. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, आणि कुत्रं शिरू नये म्हणून निजताना एक फळी आडवी लावतात. दार नाही म्हणजे कडी वाजवायची सोय नाही. म्हणून आलेला माणूस उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारतो आणि आतून 'या' आलं की मगच पाऊल आत टाकतो. त्या घरात तेवढा एकच अडसर आहे. मी रुपालीचा सख्खा भाऊ, तरी उन्हात उभा राहून हाक मारतो.

होळी होऊन गेली होती. दुपारचं ऊन असं, की अंगणातली कोंबडीसुद्धा सावली सोडत नव्हती. मी कॅमेरा धान्याच्या कोठीवर ठेवला आणि सुरू करून दिला. रुपाली मुक्ताला झोळीत घालून झोके देत होती. दगडाबाई सुपात बाजरी निवडत होत्या. झोळीच्या दोरीची करकर, बाजरीची सळसळ, बाकी सगळं चिडीचूप. थोड्या वेळानं मी शूटिंग बंद केलं आणि तिघांनी मिळून ते बघायला घेतलं. म्हणजे रुपालीनं आणि मी. दगडाबाई खाली मान घालून बाजरीच निवडत होत्या.

पडद्यावर झोळी हलत होती. दोरी करकरत होती. आणि बाहेरून, बेताच्या आवाजात, हाक आली.

"वैनी... हाय का घरात?"

"या की," दगडाबाई म्हणाल्या. मान वर न करता, हात न थांबवता. आपण शिंक आली की शिंकतो, तसं.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. पडदा जागचा हलला नव्हता. रुपाली उठून बाहेर डोकावून आली. अंगणात कुणी नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "आवाज कॅमेऱ्यातून आला."

"शूटिंग चालू असताना कुणी आलं होतं?"

"कुणीच नाही. आपण तिघंच होतो की."

मी क्लिप मागं घेतली आणि पुन्हा लावली. दोरी होती, बाजरी होती. हाक नव्हती. पुन्हा लावली, नव्हती. मी म्हटलं, रस्त्यानं जाता जाता कुणी शेजारच्या घरात हाक मारली असेल, नेमकी त्याच वेळी. मला ते पटलंही. मला सहसा माझं म्हणणं पटतं.

"रस्त्यावरचं मानूस मला वैनी म्हनंल व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "मला वैनी म्हननारी सगळी मानसं गेली आता."

सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, माठातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि झोळीशेजारच्या रिकाम्या खाटेपाशी नेऊन ठेवलं. मी विचारलं, हे कुणाला?

"या म्हनलंय ना," त्या म्हणाल्या.

मी कॅमेरा त्यांच्याकडेच ठेवला. रोजच्या वापरात कसा टिकतो ते बघायचं होतं. माझी बायको सविता तेव्हा बाळंतपणाला कर्जतला, माहेरी गेलेली. मी एकटाच, इथंच दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत. रुपालीचा फोन आला तो साध्या तक्रारीचा होता. म्हणाली, "दादा, कॅमेऱ्याचा फोकस बिघडलाय. मुक्तावर ठरतच नाही. शेजारी जातो."

मी म्हटलं, स्वस्तातला माल आहे, असं व्हायचंच. फोन ठेवायच्या आधी ती सहज म्हणाली, की मुक्ता हल्ली रडत नाही. मी म्हटलं, नशीबवान आहेस.

पुढचा फोन सहज नव्हता. पोर भुकेलाही रडत नव्हती. ओली झाली तरी नाही, मुंगी चावली तरी नाही. रडत नाही म्हणून कळत नाही, आणि छातीशी धरली तरी ओढून पीत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही दोष दिसत नाही म्हणाले, पण वजन उतरतंय हे त्यांनाही दिसत होतं. रुपाली फोनवर रडत होती. "दादा, ती तोंड उघडते रे... आणि मिटते."

मी दुकान बंद केलं आणि मोटारसायकलला किक मारली.

मुक्ता झोळीत डोळे उघडे ठेवून पडली होती. गालांची हाडं दिसायला लागली होती. मला बघून तिनं मान वळवली नाही, ती खाटेकडे बघत होती. मी कॅमेऱ्यातल्या सगळ्या क्लिपा बघायला बसलो. सुरुवातीला प्रत्येकीत मुक्ता स्पष्ट दिसे. मग चित्र जरा डचमळे, तिचा चेहरा पुसट होई आणि शेजारची खाट लख्ख दिसू लागे. रिकामी खाट. तिच्या नवारीची वीणसुद्धा मोजता यावी इतकी लख्ख. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस भरकटतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पण भरकटलेला फोकस कुठंतरी जातो. हा रोज त्याच जागी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर जाऊन थांबत होता.

आवाज वाढवला. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी खाकरलं, घरातल्या माणसासारखं, निवांत. मुक्तानं रडायला तोंड उघडलं. आणि अगदी मायेनं कुणीतरी म्हणालं, "गप... गप, बाळा. गप."

पोरीनं तोंड मिटलं.

रुपालीनं कॅमेरा माझ्या हातातून हिसकावून बंद केला. "आत्या, दार बसवा," ती म्हणाली. "गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. आजच्या आज सुतार बोलवा."

"आता दार लावून काय करती?" दगडाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यो आत हाय. कोंडून घालती का त्याला पोरीसंगं?"

रुपाली झोळी आणि खाट यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"मी बोलावलंय, निरोप बी मीच द्यायची," त्या म्हणाल्या. "येतो म्हनल्याबिगर पावना जात न्हाई. पर त्यो येतो म्हनला की तुमी कोनी 'या' म्हनू नका. लई सवयीचं आसतंय. जीभ दातात धरा."

त्यांनी चूल पेटवली. भाकरी केली, पिठलं केलं, ताटात गुळाचा खडा ठेवला आणि ताट खाटेपुढं मांडलं. बऱ्याच वेळानं ते उचललं. त्यातलं काही कमी झालेलं नव्हतं. मग ट्रंकेतून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली, देव्हाऱ्यातला नारळ घेतला. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला निरोप देताना देतात, तसंच सगळं खाटेवर ठेवलं. मला म्हणाल्या, "पाव्हनं, तुमचं यंत्र लावा. त्याचं बोलनं त्यातच ऐकू येतंय." सुनेचा भाऊ म्हणून त्या मला पाव्हनंच म्हणायच्या. मी कॅमेरा कोठीवर ठेवून चालू केला.

दगडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रिकाम्या खाटेला हात जोडले. "आलात, बसलात. हाय त्यात मान केला. पोर ल्हान हाय, तिला तिच्या आईपाशी ऱ्हाऊ द्या. आता उनं उतरायच्या आत निघा."

पडदा हलला नाही. वारा नव्हता. मी जीभ खरोखरच दातात धरली होती. रुपालीनं तोंडात पदराचा बोळा घेतला होता.

आणि मुक्ता रडली. असं टाहो फोडून, की शेजारची दोन घरं धावत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबून हाका मारायला लागली. आमच्यातलं कुणीच 'या' म्हणेना. रुपालीनं पोरीला छातीशी घेतलं, तिनं ओढून प्यायला सुरुवात केली, आणि रुपाली हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करतो. दगडाबाई खाटेवरचं आवरायला गेल्या आणि थबकल्या.

"टॉवेल हाय, नारळ हाय," त्या म्हणाल्या. "टोपी घेऊन गेला."

मी कॅमेरा घेऊन नगरला आलो. मुक्ता आता चांगली बाळसेदार झालीय, अख्खी आळी डोक्यावर घेते. अमृत रजेवर येऊन गेला, त्यानं बहुधा मोबाईलवरच काय ते काढलं.

इथंच थांबायला हवं होतं. पण एखादी वस्तू मी अर्धवट तपासून सोडत नाही, ही माझी खोड. शिंगणापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं ओढलं, डबा उघडला आणि जेवता जेवता हेडफोन लावून ती निरोपाची क्लिप सुरू केली. दगडाबाईंचं बोलणं स्पष्ट होतं. मग शांतता. मग मुक्ताचं रडणं, शेजाऱ्यांच्या हाका. सगळं जसं घडलं तसं. मी मनात म्हटलं, माईकला खरंच तोड नाही.

आणि मग अगदी कानाशी, समाधानानं, आवाज आला.

"येतो, पाव्हनं."

"या," मी म्हणालो.

तोंडात घास होता, तरी म्हणालो. पुढचा घास घेतला, चावला, आणि मग मला कळलं. भीती म्हणजे काय, ते मला त्या दिवशी भरल्या ताटावर कळलं. क्लिप मागं घेतली, पुन्हा लावली. त्यात 'येतो' नव्हतं. मी दगडाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाव्हनं, आता तुमच्याकडं हाय. मान करा, आन वाट बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं. आदल्या रात्री मीच कुलूप घातलं होतं. स्टुलावर टोपी होती.

तेव्हापासून दुकानातला कुठलाही कॅमेरा चालू करा, महागातला असो की स्वस्तातला, समोर गिऱ्हाईक असलं तरी फोकस स्टुलावर जातो. लोक म्हणतात, यात दोष आहे. मी म्हणतो, हो, आहे. धंदा बसलाय, पण त्याचं मला फार काही नाही. सविताला मुलगा झालाय. तिचा रोज फोन येतो, न्यायला कधी येताय म्हणून. मी सांगतो, घराला ओल आलीय, बाळाला बाधेल. घर म्हणजे या भिंतीपलीकडच्या दोन खोल्या. परवा सासरे म्हणाले, आम्हीच आणून सोडतो.

मी रोज ताट वाढतो. टॉवेल-नारळ ठेवला. तो काळा कॅमेरा चालू करतो, हात जोडून 'निघा' म्हणतो आणि जीभ दातात धरून बसतो. अजून काही आवाज आलेला नाही. या खेपेला माझ्या तोंडातून काही जाणार नाही, फक्त तो शब्द ऐकू यायला हवा.

दिव्याचं चार्जिंग संपत आलंय. तुम्ही निघा आता, दुसरा कॅमेरा उद्या उजेडी दाखवतो. शटरपाशी पायरी आहे, जपून. आणि एक करा. उठताना, बाहेर पडताना, सवयीनं 'येतो' म्हणू नका, नुसते जा. या अंधारात तो शब्द ऐकू आलाच, तर तो तुमचा नव्हे, एवढं मला नक्की कळायला हवं.