तिन्हीसांजेचा पट्टा

ठकी ग्रहांचं हवामान तयार करायची. दूरच्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणारा खडकाळ ग्रह घ्यायचा, त्याला हवा द्यायची आणि तिथं ऊन-वारा कसा असेल ते संगणकाकडून काढून घ्यायचं. पीएचडी याच्यावरच चालली होती आणि संपता संपत नव्हती. तिच्या ग्रहाला एकच खोड. ताऱ्याकडे तोंड करून बसलाय तो बसलाय. एका अंगाला कायमचा दिवस, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र आणि मध्ये कधीच न संपणाऱ्या तिन्हीसांजेचा अरुंद पट्टा.

"अगदी तुझ्या बाबांसारखा," आई म्हणाली होती. "टीव्हीकडे तोंड केलं की केलं."

आईला या सगळ्यात भारी रस. भाजी निवडता निवडता विचारायची, "बर्फ पडतो का गं तिथं?"

"अंधाराच्या बाजूला पडतो. पण पाण्याचा नाही, हवेतलाच वायू गोठतो. तो वितळत नाही, उडून जातो. जमीन ओलीसुद्धा होत नाही."

"बरंय की, पुसायची कटकट नाही. मला आपली संध्याकाळच्या पट्ट्यात एक खोली दे. उबेची."

ठकीनं खरंच दिली. नवा प्रोग्राम तपासताना हे काम करणारे लोक नकाशातल्या एखाद्या चौकोनात मुद्दाम धडधडीत खोटा आकडा घालतात. तो शेजारी कसा पसरतो, त्यावरून गणित नीट चाललंय का ते कळतं. ठकीनं पट्ट्यातला एक चौकोन धरला आणि त्यात घरातल्या खोलीइतकी ऊब भरली. निळ्या नकाशावर लाल ठिपका उमटला. आईनं त्यावर बोट टेकलं आणि म्हणाली, "ही माझी."

त्याच हिवाळ्यात आई गेली. ठकी परिषदेसाठी परगावी होती, पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईच्या चपला दाराशीच राहिल्या. बाबा त्यांना कुणाला हात लावू देत नसत.

काही महिन्यांनी ठकीनं काम पुन्हा हातात घेतलं. मोठ्या संगणकावरचा तिच्या वाट्याचा शेवटचा वेळ उरला होता. यातून निघेल तो निकाल, नाहीतर प्रबंध बोंबलला. पहिले नकाशे आले आणि तिनं कपाळावर हात मारला. लाल ठिपका तिथंच होता. आकडा काढायचा राहिला की काय?

तिनं प्रोग्राम उघडून पाहिला. आकडा कधीच काढलेला होता. तिनंच काढला होता, परिषदेला निघायच्या आधी.

पुढच्या नकाशात ठिपका एक चौकोन सरकला. अंधाराकडे.

"चूक आहे कुठेतरी," गाईडबाई म्हणाल्या. "शोध आणि काढ. परीक्षकांना काय सांगणार, ग्रहाला ताप आलाय?"

ठकीनं ओळ न् ओळ चाळली. काही सापडेना. खरी गोम वेगळीच होती. ती ऊब शेजारच्या चौकोनात सांडतच नव्हती. भोवती कडाक्याची थंडी आणि मध्ये एवढीशी ऊब, पदराआड धरलेल्या दिव्यासारखी. असं कुठल्याच गणितात होत नाही.

चहा पिताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, शेवटी आईला थंडी वाजत होती?"

बाबांनी कप खाली ठेवला. "पाय गार पडले होते. सारखी विचारत होती, ठकी आली का म्हणून."

आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ठिपका पुढे पुढे जात राहिला. वायू गोठून पडतो तिथवर पोचला, तेव्हा लालाचा नारिंगी झाला होता. मग पिवळट. ठकी त्या पिवळट ठिपक्याकडे बघत राहिली. तिला आई हवी होती. पदवी-बिदवी गेली खड्ड्यात, एकदा आई हवी होती.

मग तिनं करू नये ते केलं. चालू गणित थांबवलं, ग्रहाला स्वतःभोवती गिरकी दिली आणि गणित पुन्हा सोडलं. सगळा प्रबंध ज्या एका गोष्टीवर उभा होता तीच गेली. संगणकाचा उरलेला वेळही गेला.

अंधाऱ्या बाजूवर पहिल्यांदाच उजाडलं.

ठिपका थांबला. मग वळला. नकाशाच्या उजव्या कडेकडे निघाला.

ती कड काही खरी नसते. ग्रह गोल आहे, उजवीकडून गेलेलं डावीकडून परत येतं. ठकी डाव्या कडेवर नजर लावून बसली. वारे आले. ढग आले.

ठिपका आला नाही.

घरी पोचली तेव्हा भर दुपार होती. दार सताड उघडं होतं. बाबा टीव्हीसमोर डोळे मिटून पडले होते.

"दार लाव गं," ते डोळे न उघडताच म्हणाले. "मघाशी आत आलीस, तेव्हा उघडंच टाकलंस. गारठा येतोय."

"मी आत्ता येतेय, बाबा."

ते कुशीवर वळले.

दार लावायला ती वळली. आईच्या चपला जागच्या जागीच होत्या. पट्ट्यांवर पांढरी भुकटी साचली होती. तिनं बोट लावलं, तर पोळल्यासारखं झालं. भुकटीतून बारीक धूर निघाला आणि विरला. बघता बघता ती सगळीच नाहीशी झाली.

ठकीनं चपला उचलल्या आणि खाली हात फिरवून पाहिला.

फरशी कोरडी होती.