शून्याचा पेढा

पडद्यावरचा आकडा पाचव्या वर्षीही शून्यच राहिला आणि कातळखोल प्रयोगशाळेत रिवाजाप्रमाणे पेढे वाटले गेले. वर्षभरात डोंगर केसभरही सरकला नव्हता. भूशास्त्रज्ञ सुलक्षणा घागनं आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. तो खायची तिला लाज वाटली.

या डोंगराच्या उतारात त्यांनी चुना तयार करणारे शिलाबंध जिवाणू सोडले होते. ऊनपावसानं खडकाचं विदारण होऊन जो भुगा सुटतो, तो या जिवाणूंनी कणन् कण सांधला. ओढ्याला गढूळ पाणी येईनासं झालं, दरडी थांबल्या. खालच्या तिन्ही वाड्या खुशीत होत्या. तिथंच राहणारे तिचे तात्या तेवढे कुरकुरायचे. जन्मभर बिनचुन्याचे गडगे रचलेला माणूस तो. दगडांत फटी ठेवल्या नाहीत तर गडगा पावसात पोटाशी फुगतो आणि आडवा होतो, हे त्यांचं म्हणणं.

यंदा सुलक्षणानं डोंगराच्या पोटातल्या पाण्याचा दाब मोजला. तो भलताच वाढला होता, तात्यांचं खरं निघालं. संचालक हर्डीकरांनी मात्र पडद्याकडे बोट दाखवलं.

“डोंगर जागचा हललेला नाही, डॉक्टर.”

“थोडा थोडा सांडत होता म्हणून तो उभा होता, सर. आपण त्याचं सांडणं बंद केलं. आता येईल तो एकदाच, अख्खा, वाड्यांसकट. भोकं पाडून पाणी सोडायला हवं.”

पाणी सुटेल ते तिथली माती घेऊनच सुटेल, हे दोघांनाही कळत होतं. हर्डीकरांनी साफ नकार दिला. आणखी अकरा घाटांत हेच काम सुरू व्हायचं होतं, त्याआधी शून्य बिघडून चालणार नव्हतं. सुलक्षणाचं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं भोंगा वाजवून वाड्यांतल्या आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना समोरच्या टेकाडावर पिटाळलं. वेधनयंत्र तिच्या हातातल्या नियंत्रकावर चालत होतं. डोंगराच्या तीन सोंडांखाली तीन वाड्या होत्या. चौथीखाली कुणाचं घर नव्हतं. तिथं तिनं पंधरा भोकं पाडली.

आधी नितळ पाणी उसळलं, मग तांबडं. मग ती सोंड खाली आली आणि अख्खी प्रयोगशाळा चिखलात गेली. सगळ्यांत सुरक्षित म्हणून ती जागा हर्डीकरांनीच निवडली होती. पोटातलं पाणी उतरलं. तिन्ही वाड्या जागच्या जागी होत्या.

“काय केलंत हे?” हर्डीकर म्हणाले.

“आकडा बघा, सर.”

त्यांच्या हातातल्या पडद्यावर सतरा मीटर उमटले होते. सुलक्षणानं खिशातला पेढा काढला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.