ताराची कॅसेट

"कॅसेट व्हय? ठेवा हितं. पाच मिनिटांचं काम," जोतीराम म्हणाला. "अख्ख्या मंगळवार पेठेत कॉम्प्युटरमधलं असं काय न्हाय, जे आपल्याला येत न्हाय."

समोरच्या पोरीनं टॉवेलात गुंडाळलेला व्हिडिओ कॅमेरा काऊंटरवर ठेवला, आतली कॅसेट काढून त्याच्या हातावर दिली. तिची बोटं नुसती टेकली हो... पण जोतीरामचं डोकं तेवढ्यावरच हँग झालं. त्यानं कॅसेट कॉम्प्युटरच्या पुढनं फिरवली, मागनं फिरवली, शेवटी फ्लॉपीच्या भोकाला लावून बघितली.

"जाईना व्हय?" पोरीनं विचारलं.

"जातीया की... जरा फुगल्यासारखी वाटतीया."

"कॅसेट फुगती?"

"उन्हानं."

ती हसली. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, वरचा पत्रा तापलेला, शेजारच्या घरातनं चकलीच्या तेलाचा वास... आणि त्यात हे हसू. जोतीरामनं कबूल केलं की आपल्याला हे काम येत नाही. अर्थात, मनातल्या मनात.

तिचं नाव निशिगंधा, राहायला कसबा बावडा. कॅसेट होती आठ वर्षांपूर्वीच्या, अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळी पाडव्याची. पाडव्याला बावड्यात म्हशी सजवतात आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं पळवतात. त्या साली तिच्या वडलांची, आण्णांची, तारा पहिली आली होती. तारा पुढं वारली. राहिली ती ही कॅसेट.

"आण्णांच्या लग्नाचा घरात एक फोटो न्हाय," निशिगंधा म्हणाली, "पण म्हशीची तासाची कॅसेट हाय. ती खराब व्हायच्या, न्हायतर तिच्यावरच कुणी दुसरं शूट करून ती पुसायच्या आत सीडी पायजे. पाडव्याला अख्खी भावकी बघायला बोलावलीया. कॅसेटला काय झालं तर आण्णा मला घरात घेत न्हाईत, आणि तुम्हाला कोल्हापुरात ऱ्हाऊ देत न्हाईत."

जोतीरामनं चार ठिकाणी फोन लावले, तेव्हा कळलं : कॅमेरा वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा, कॅसेट चालू करायची, आणि ती चालेल तसं कॉम्प्युटर टिपून घेणार. म्हणजे तासाची कॅसेट तास खाणार.

"मग काल पाच मिनिटं म्हणत हुतासा, ती कुणाची?" दुसऱ्या दिवशी निशिगंधानं विचारलं.

"ती... तयारीची."

"कॅसेट सोडून मी जात न्हाय. हितंच बसतो." तिनं स्टूल ओढलं.

बावन्नाव्या मिनिटाला लाईट गेली. यूपीएस दोनदा कुंई कुंई करून गतप्राण झाला. टिपलेलं सगळं पाण्यात, परत पहिल्यापासनं. पुढच्या दिवशीही तेच.

एवढं मात्र खरोखर नशिबानं झालं होतं. त्यानंतर जोतीरामनं नशिबावर अवलंबून राहायचं सोडलं. पेपरात लोडशेडिंगचं वेळापत्रक यायचं. मंगळवार पेठ : अकरा ते दोन. त्यानं ते कापून खिशात ठेवलं आणि सांगितलं, "उद्या सव्वादहाला या. अगदी मोकळी वेळ हाय."

असे चार दिवस गेले. ती बिनसाखरेचा चहा पिते, घोड्याला भिते पण रेड्याला भीत नाही, हे त्याला कळलं. तारा कुठल्या वळणावर शेण टाकते हेही पाठ झालं. लाईट गेली की निशिगंधा पेपरानं वारा घ्यायची, आणि त्यातला थोडा वारा... चुकून... त्याच्याकडं यायचा.

सातव्या दिवशी तारानं वळण घेतलं आणि तिची शिंगं विस्कटली. पडद्यावर आडव्या रेघा पळाल्या. रोज रोज फिरवून कॅसेट झिजत चालली होती.

जोतीरामला घाम फुटला. आपलं प्रेम आण्णांची म्हैस खात होतं!

"उद्या अडीचला या," तो कसाबसा म्हणाला. "लाईट... न्हाई जाणार."

दुसऱ्या दिवशी निशिगंधाकडं बघत बघतच त्यानं वायरी जोडल्या. पडद्यावर तारा निघाली, कॅमेऱ्यातनं बारीक फटफट ऐकू येऊ लागली. अर्धा तास तो नुसता खोकला. मग म्हणाला, "निशिगंधा, एक सांगायचंय."

"सांगा की."

"लाईट कवा जाती ते मला ठाऊक हुतं. मुद्दाम बोलवत हुतो."

"ठाऊक हाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"आं?"

"बावड्यात पण पेपर येतो की."

"मग बोलला न्हाईसा ते?"

"बोललो असतो तर काम एका दिवसात झालं असतं... बावड्यातनं रोज मी काय म्हस बघायला येत हुतो? घरात चार हायत."

"मला तर त्या ताराचा वीट आलाय!" जोतीरामला आता धीर चढला. "फेंदारलेलं नाक, तिरकी शिंगं, रोज तेच ध्यान! मी बघत हुतो ते तुम्हाला. उद्यापासनं तुम्ही येणार न्हाई म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर?"

"जन्मभर या की."

"कॅसेट तासाचीच हाय."

"दुसऱ्या आणू."

माऊसवरच्या त्याच्या हातावर तिनं फक्त हात ठेवला... आणि कॅसेट शेवटपर्यंत गेली.

पाडव्याला सकाळी आण्णांच्या अंगणात चाळीस माणसं टीव्हीपुढं बसली. जोतीरामला पुढची खुर्ची. सीडी लागली. हार घातलेली तारा पळत आली. आवाज मात्र खोकल्याचा आला. वायरी जोडताना आवाजाची वायर राहिली होती, आणि कॉम्प्युटरनं टेबलावरच्या माईकमधनं दुकानातलं बोलणं टिपलं होतं. अर्ध्या तासानं तारानं तोंड उघडलं आणि जोतीरामच्या आवाजात म्हणाली, "निशिगंधा, एक सांगायचंय."

भावकीनं सगळं ऐकलं. चिमणाबाई आत्तीनं तर "आवाज वाढवा की रं!" म्हणून सांगितलं. निशिगंधानं ओढणीत तोंड घातलं.

आण्णा उठले. "पोरीचं मागनं बघू," ते म्हणाले. "आधी सांगा पावणं, वीट कुणाचा आलाय?"

"चुकलो, आण्णा. कॅसेट शाबूत हाय. ताराला तिच्या आवाजासकट परत सीडीत घालून देतो."

"देशीलच. आज आमची नवी म्हस पळायची हाय. तिच्या पुढची मोटारसायकल तू चालवायची. म्हस पहिली आली तर पोरगी तुझी."

दुपारी दुसऱ्याच वळणावर गाडी घसरली आणि जोतीराम गटारात गेला. म्हैस थांबली नाही. एकटीच पुढं पळाली आणि पहिली आली.

"ठरलं ते ठरलं," आण्णा म्हणाले.

निशिगंधानं हे सगळं पहिल्यापासनं शेवटपर्यंत शूट केलं. कॅमेऱ्यात कॅसेट ताराचीच होती.