दोन हिसके

घरातला वायफाय मागच्या इमारतीत पोचवायचा, एवढंच काम होतं. माझा धंदाच तो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं ते दोन आठवडे रखडलं होतं.

ताई नवऱ्याचं घर सोडून आली होती. आमच्याकडे जागा नव्हती, म्हणून तिने मागच्या इमारतीतली खोली घेतली. सोमवारपासून तिची घरी बसून करायची नोकरी सुरू होणार होती. नेट नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर पुन्हा त्या माणसाच्या दारात.

त्या इमारतीत पूर्वी कोणी साबणवाले चरबीची पिंपं ठेवायचे. रंग दिला तरी भिंतीला हात चिकटायचा, आणि वास असा की खाल्लेलं घशाशी यावं. जाड भिंतींतून सिग्नल जाईना. शेवटी जमिनीखालच्या जुन्या पाइपातून केबल घालून तिकडे दुसरा राउटर बसवायचं ठरवलं. ताईला पलीकडच्या तोंडाशी उभं केलं आणि आमच्या कामातली खूण शिकवली. टोक हाती आलं की दोन हिसके द्यायचे, मग ओढायचं.

मी केबल सरकवत गेलो. दोन हिसके आले. केबल सरसर आत जाऊ लागली.

"झालं का रे?" ताईने मागून विचारलं. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी होती. "मला तिथे उभंच राहवेना. मी कधीचीच इकडे आलेय."

केबल अजून आत जात होती. तिच्यावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही इमारतींतलं अंतर बावीस मीटर. माझ्या बोटांखालून चाळीसचा आकडा गेला.

मी पाय रोवून मागे ओढली. हातभर आली. पिवळट चरबीने माखलेली, कोमट. चरबीत केस रुतले होते. आवरणावर दातांचे व्रण होते, आणि उंदराचे म्हणावेत तर फारच रुंद. मी तिथेच ओकलो.

तोंड पुसून पक्कड उचलली, तर ताईने माझं मनगट धरलं आणि मोबाइल पुढे केला. मागचा राउटर चालू, सिग्नल पूर्ण. तो मी खोक्यातून काढलासुद्धा नव्हता.

"तोडू नकोस," ती म्हणाली. "मला त्या घरी नाही जायचं."

मी तोडली नाही. त्याची मला अजून किळस येते.

नोकरी टिकली. ताई मजेत आहे. दर रविवारी केबल अजून थोडी सोड म्हणते, आणि मी सोडतो.

काल ती जेवायला आली. वास येत नाही का तुला, असं मी विचारलं.

"कसला?" ती म्हणाली.

निघताना तिने मागून माझी बाही ओढली. एकदा. मग पुन्हा एकदा.

बाहीवरचा डाग अजून कोमट आहे.